जळालेल्या मोटारीची शोकसभा

एकदा एक मोटार जळाली. अशा कथा वास्तविक एखाद्या राजापासून, साधूपासून, गेला बाजार एखाद्या वाटसरूपासून सुरू व्हाव्यात अशी रीत आहे. परंतु या कथेतले सगळे शहाणपण त्या मुठीएवढ्या मोटारीच्या जळण्यातून निघाले, तेव्हा पहिला मान तिचा. ती होती रिमोटवर चालणाऱ्या एका खेळण्यातल्या ट्रकची, आणि तो ट्रक होता दिगंबर नावाच्या एका व्यापाऱ्याचा, ज्याचे वय खेळण्याचे मुळीच नव्हते.

दिगंबर एका तालुक्याच्या गावी शेतीच्या पंपांचे दुकान चालवी. तरुणपणी त्याने गावातल्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात तिथल्या मास्तरांच्या हाताखाली दोन वर्षे काढली होती आणि जळालेल्या मोटारींना पुन्हा तार गुंडाळण्याची विद्या शिकून घेतली होती. त्यामुळे मोटारीतले त्याला कळत होते. माणसांतले कळत नव्हते असे नाही, पण माणूस समोर उभा राहिला की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. ‘नाही’ हा दोन अक्षरांचा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. त्यामुळे बावन्नाव्या वर्षी तो चार संस्थांचा चिटणीस होता: वाचनालयाचा, भजनी मंडळाचा, स्मशानभूमी सुधार समितीचा आणि ज्येष्ठ नागरिक संघाचा. यातल्या शेवटच्या संघाचा सभासद व्हायला त्याला अजून आठ वर्षे अवकाश होता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. दिगंबरच्या घरी ती माहेरपणाला आली होती आणि परत जायचे नाव काढत नव्हती.

गावाच्या पूर्वेला एक टेकडी आहे, टेकडीवर देवी आहे आणि देवीपर्यंत ब्याण्णव पायऱ्या आहेत. चैत्री पौर्णिमेला देवीची ओटी भरायची. दिगंबरच्या घराण्याची रीत अशी की, ओटी घरच्या वडील मुलाच्या हातूनच वर जावी आणि पायथा सोडल्यावर वाटेत कुठेही टेकू नये. टेकली तर देवीने ती परत पाठवली असे समजायचे. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही. ज्याने केला त्याचे गुडघे शाबूत असणार, एवढे नक्की. दिगंबरचे नव्हते. डॉक्टरांनी त्याला जिना चढायचीही मनाई केली, तेव्हा त्याची आई फार पेचात पडली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सासू गेल्यापासून एकही पौर्णिमा न चुकवलेली, आणि मुलगा एकुलता एक.

ट्रक दिगंबरने हौसेने स्वतः जुळवला होता. दुकान बंद असे त्या दिवशी तो अंगणात विटांवरून, दगडांवरून चढवण्यात त्याचा वेळ छान जाई. पायऱ्यांच्या कडेने पाण्याची हातगाडी वर न्यायला सिमेंटचा उतार बांधलेला होता. एक दिवस दिगंबरच्या मनात कल्पना आली आणि तो भीतभीत देवीच्या गुरवकाकांकडे गेला. ओटी ट्रकातून गेली तर चालेल का, असे त्याने विचारले. गुरवकाकांनी तंबाखू मळता मळता विचार केला आणि रिमोट कुणाच्या हातात असेल असा उलट प्रश्न केला. माझ्या, असे दिगंबर म्हणाला. मग ओटी हातूनच गेली की, असा निकाल गुरवकाकांनी दिला, आणि चाके फिरताहेत तोवर टेकली नाही असे समजायला हरकत नाही, अशी पुरवणीही जोडली. धर्मशास्त्राचा एवढा झटपट निवाडा त्या गावात पूर्वी झाला नव्हता.

पहिल्या वर्षी ट्रकात आईचा एक नारळ, एक खण आणि मूठभर तांदूळ होते. ट्रक हळूहळू, न थांबता वर गेला. आई पायथ्याशी हात जोडून उभी होती. वर घंटा वाजली तेव्हा तिने डोळे पुसले आणि त्या दिवशी जेवताना ती दोनदा हसली. दिगंबरला आपण एव्हरेस्ट सर केल्यासारखे वाटले.

पण यशाला पाय फुटतात. दुसऱ्या वर्षी पायथ्याशी निम्मा गाव जमला. ट्रक निघाला तो मुळातच कण्हत निघाला. एकसष्टाव्या पायरीच्या बरोबरीला त्यातून निळसर धूर आला, एक बारीक किंकाळी ऐकू आली आणि चाके थांबली. ओटी टेकली. सगळ्यांनी पाहिले, आणि मुख्य म्हणजे आईने पाहिले.

ती रागावली असती तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी चटणीसाठी खोबरे खवायला घेतलेल्या सुनेला तिने थांबवले. “मला नको वाढूस,” ती म्हणाली. “तिनं माझा नारळ घेतला नाही, मी तरी तिच्या झाडाचा कशाला खाऊ?” आणि तिने नारळ सोडला. मग घरात कोणाच्या घशाखाली तो उतरेना. चटणीत शेंगदाणे आले, करंज्यांत तीळ आले, आमटीचे वाटण कांद्यावर भागू लागले. आपल्याकडून काय चुकले म्हणून देवी रुसली, हा हिशेब आई वर्षभर मनाशी करीत होती, आणि ते दिगंबरला ताटावर बसल्याबसल्या दिसत होते. त्याच्या जिवाला फार लागले. या पौर्णिमेला ओटी वर पोचलीच पाहिजे, मग त्यासाठी वाटेल ती मोटार आणावी लागो, असे त्याने ठरवले.

पौर्णिमेला महिना उरला असताना तो शहरात गेला. तिथल्या दुकानातल्या तरुण विक्रेत्याने चाल किती हवी असे विचारले. दिगंबर म्हणाला, असेल नसेल तेवढी. विक्रेत्याने तेरा वेढ्यांची मोटार दिली, आणि असाव्यात म्हणून दिगंबरने आणखी दोन तऱ्हेच्या घेतल्या. मोटारीच्या आतल्या तारेचे वेढे जितके कमी, तितकी ती पळते जास्त आणि ओढते कमी. ही गोष्ट दिगंबरला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती, पण गरजवंताला अक्कल नसते ती अशी. गल्लीतल्या चढावर त्याने नारळ ठेवून ट्रक सोडला. बोट लागताच ट्रक सुसाट सुटला. शेजारच्या निवृत्त फौजदारांच्या सायकलला धडक देऊन तो उलटा झाला, आणि नारळ पुढे एकट्याने प्रवास करून कुसुमवहिनींच्या अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर उतरला. त्यानंतर त्याने बिनकार्बनची, म्हणजे आत घासणारे कार्बनचे तुकडे नसलेली, घोड्यासारखी ताकदवान मोटार बसवली. ती इतकी ताकदवान निघाली की ट्रक जागचा हलला नाही, आतल्या गिअरचे दातच पडले. तिसरी मोटार खोक्यातून बाहेर काढायची त्याची छाती झाली नाही. आई हे सगळे खिडकीतून पाहत होती.

शेवटी पौर्णिमा दहा दिवसांवर आली तेव्हा त्याने मोडके गिअर बदलले, तिन्ही मोटारी पिशवीत घातल्या, जुनी जळालेली मोटार खिशात घातली आणि तो मास्तरांकडे गेला.

मास्तर आता चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. कारखाना बंद झाला होता, पण त्याच्या बाकावर बसून रेडिओ ऐकण्याचा त्यांचा नेम चालू होता. दिगंबरने सगळी हकीकत सांगितली आणि तिन्ही मोटारी ओळीने समोर मांडून, यांतली कोणती बसवू असे विचारले. मास्तरांनी त्या तिघींकडे ढुंकून पाहिले नाही. त्यांनी जळालेली मोटार उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. करपलेल्या वार्निशचा वास वर्षानंतरही तिला येत होता.

“कधी गेली?” त्यांनी विचारले.

“गेल्या चैत्री पौर्णिमेला, मास्तर.”

“शोकसभा घेतलीस?”

दिगंबरला वाटले, आपण चुकीचे ऐकले. पण मास्तर गंभीर होते. जुनीचे नीट झाल्याशिवाय नवी घरात घेऊ नये, असे त्यांनी सांगितले. उद्या संध्याकाळी पाच वाजता सभा घे, पौर्णिमेला पायथ्याशी जे जे होते त्या सर्वांना बोलाव, मी येतो. एवढे बोलून त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. याचा अर्थ भेट संपली असा होता.

साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि मास्तरांची साठी उलटूनही चोवीस वर्षे झाली होती, असा विचार घरी जाताना दिगंबरच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. तरी त्याने सभा बोलावली. गुरूची आज्ञा म्हणून बोलावली असे म्हणायला मला आवडले असते. खरे कारण असे की, त्याला मास्तरांनाही नाही म्हणता आले नाही.

शोकसभेच्या बाबतीत मात्र त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. चार संस्थांच्या मिळून वर्षाकाठी पंधरावीस शोकसभा त्याच्याकडे असत, आणि त्यासाठी त्याने शोकप्रस्तावाचा एक मसुदाच करून ठेवला होता. नावाची जागा तेवढी कोरी असे. ‘यांच्या निधनाने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे,’ हे वाक्य त्याने इतक्यांदा वाचले होते की, गावात आता चालायलाही जागा उरू नये एवढ्या पोकळ्या झाल्या असतील. त्याने कोऱ्या जागी ‘मोटार’ असे लिहिले आणि वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लावली.

दुसऱ्या दिवशी पाचाच्या ठोक्याला वाचनालयाचे सभागृह भरले. काही कुतूहलाने आले होते, कुसुमवहिनी पापडांचा विषय काढायला आल्या होत्या, आणि फौजदार शोकसभेला जायचेच असते म्हणून पांढरा सदरा घालून आले होते. आई पहिल्या रांगेत बसली होती. टेबलावर पाटाएवढा पांढरा कपडा अंथरून त्यावर मोटार ठेवली होती, आणि दिगंबरच्या बायकोने, काय करावे ते न सुचून, तिच्यापुढे मोगऱ्याचे एक फूल ठेवले होते.

दिगंबर प्रस्ताव वाचायला उभा राहिला तेव्हा मास्तरांनी त्याला खाली बसवले. एरवीच्या सभेत गेलेल्याने आपल्याला काय दिले ते सांगतात, असे ते म्हणाले. आज तसे नको. आज प्रत्येकाने आपण हिच्यावर काय लादले तेवढेच सांगायचे.

सभागृहात चुळबुळ झाली. सर्वांत आधी कुसुमवहिनी उठल्या. मी फक्त एक नारळ ठेवला होता, असे त्या म्हणाल्या. मुलगा परदेशी असतो, त्याच्या नावाचा. आणि बसता बसता त्यांनी भर घातली की, एक सुनेच्या नावाचाही होता. त्या बसल्यावर फौजदार उठले. पोलिसातली सवय, त्यामुळे त्यांनी खणखणीत कबुली दिली. निवृत्तीच्या वेळी नवस बोलले होते, त्याची पितळी समई होती, वजन पावणेदोन किलो. वाचनालयाच्या अध्यक्षांनी संस्थेचे पन्नास वर्षांचे अहवाल एकत्र बांधून देवीच्या चरणी ठेवण्यासाठी दिले होते. देवस्थानच्या पंचांचा तेलाचा डबा होता. दिगंबरच्या बायकोने मान खाली घालून सांगितले की, गुरवकाका दिवसभर उपाशी असतात म्हणून तिने खणाखाली शिऱ्याचा डबा सरकवला होता. भजनी मंडळातल्या एकाने तर चपलाच ठेवल्या होत्या. वर अनवाणी जायचा नेम, आणि खाली ठेवल्या तर चोरीला जातात.

हळूहळू लोकांना हसू फुटू लागले. सर्वांत शेवटी गुरवकाका उठले. वर न्यायचेच होते म्हणून मी दोन किलो कांदे ठेवले होते, असे त्यांनी सांगितले, आणि सभागृह शोकसभेचा शिष्टाचार विसरून खदखदा हसले. देवीच्या ओटीखाली दोन किलो कांदे वर चालले होते, हे आईलाही त्या दिवशीच कळले. ती मात्र हसली नाही.

मास्तरांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता: ठेवताना दिगंबरला विचारले होते का? आणि प्रत्येकाने एकच उत्तर दिले होते. विचारले होते, एवढ्याने काय होतंय, असेही म्हटले होते, आणि दिगंबरराव म्हणाले होते, “ठेवा की.”

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा दिगंबरने मान डोलावली. तिसऱ्यांदा ऐकले तेव्हा त्याने खिशातला रुमाल काढला. सातव्यांदा गुरवकाकांच्या तोंडून ते दोन शब्द आले तेव्हा त्याच्या लक्षात आले की, आपण एक मारेकरी शोधायला सभा भरवली आहे आणि साक्षीदार एकामागून एक त्याच माणसाकडे बोट दाखवीत आहेत.

“आता तू,” मास्तर म्हणाले.

दिगंबर उठला. हातातला प्रस्तावाचा कागद त्याने घडी करून खिशात घातला. त्याने आईकडे पाहिले, मग पांढऱ्या कपड्यावरच्या त्या काळ्या पडलेल्या मोटारीकडे पाहिले.

“मला वास आला होता,” तो म्हणाला. “तिसाव्या पायरीलाच आला होता. तार तापली की वार्निशचा येतो तो. पंचवीस वर्षं हाच धंदा करतोय, मला कळलं होतं. पण तेव्हा थांबवला असता तर ओटी टेकली असती आणि ट्रक पुढे रेटला तर कदाचित निभावेल असं वाटलं. खरं म्हणजे ओझं निघण्याआधीच काढायला हवं होतं. पण माणसं समोर उभी होती.”

मास्तर बसल्या जागेवरूनच बोलू लागले.

“दिगंबर, तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं, मोटार द्या म्हणतं. तू पहिलं काय विचारतोस?”

“विहीर किती खोल आहे ते.”

“आणि तो म्हणाला, विहिरीचं राहू द्या, तुम्ही आपली सगळ्यात मोठी मोटार द्या, तर?”

“देत नाही, मास्तर. आधी विहीर मोजून या म्हणतो.”

“सबंध तालुक्याच्या विहिरी मोजायला लावल्यास, आणि आपल्या ट्रकात नारळ किती ते तेवढं मोजलं नाहीस. अरे, मोटार निवडायची नसते. ओझं निवडायचं असतं. ओझं ठरलं की मोटार आपसूक ठरते. आणि ते ठरवायचंच नसेल, तर जगातली वाटेल ती मोटार आण, माणसं तिच्या ताकदीपेक्षा एक नारळ जास्तच ठेवणार. त्यांचा दोष नाही. ज्याला त्याला आपला एकच नारळ दिसतो. सगळे मिळून किती झाले, हे फक्त ट्रकवाल्याला दिसतं. म्हणून नको म्हणायचं काम त्याचं.” त्यांनी टेबलावरच्या मोटारीकडे हात केला. “हिला तोंड नव्हतं, म्हणून ती जळाली. तुला आहे.”

मग सर्वांनी उभे राहून दोन मिनिटे शांतता पाळली. दिगंबरने शेकडो वेळा ही शांतता पाळली होती आणि दर वेळी मनात पुढच्या बैठकीचा अजेंडा जुळवला होता. त्या संध्याकाळी मात्र तो खरोखरच शांत उभा राहिला.

सभा संपल्यावर मास्तरांनी त्याला नारळ किती असे विचारले. एक, असे तो म्हणाला. आणखी काय, असे विचारल्यावर एक खण आणि मूठभर तांदूळ, एवढेच उत्तर आले. मास्तरांनी पिशवीतल्या मोटारी एकेक करून पाहिल्या. तेरा वेढ्यांची पळण्यापुरती ठीक, ओढीला निकामी. बिनकार्बनची एखाद्या पैलवानाला द्यावी. तिसऱ्या, न उघडलेल्या खोक्यात पंचावन्न वेढ्यांची निघाली. ती ओढील खरी, पण ओटी वर पोचेपर्यंत वैशाखी पौर्णिमा उजाडेल, असे ते म्हणाले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक मोटार काढली. ती पस्तीस वेढ्यांची होती, अगदी साधी, जळालेलीची सख्खी बहीण म्हणावी अशी. दिगंबर पाहतच राहिला. म्हणजे ही मास्तरांनी काल वास घेतला तेव्हाच ठरवली होती. मग एवढ्या सभेचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला, आणि उत्तर आपल्याला कळले आहे हे ध्यानात येऊन तिथेच विरला.

पौर्णिमा उजाडली. पायथ्याशी माणसे जमली. शोकसभेला नऊ दिवस झाले होते आणि शोकसभेचा परिणाम आपल्याकडे साधारण तितकेच दिवस टिकतो. कुसुमवहिनी आल्या त्या हातात नारळ घेऊनच. या वेळी सुनेचा नाही, फक्त मुलाचा, असे त्यांनी आवर्जून सांगितले. दिगंबरच्या तोंडातून पहिला ‘नाही’ खोकल्यासारखा निघाला, इतका की वहिनींनी त्याला पाणी हवे का विचारले. मग त्याने तो पुन्हा, नीट उच्चारला. आभाळ कोसळले नाही. वहिनींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले, पदर खोचला आणि नारळ घेऊन त्या स्वतः पायऱ्या चढू लागल्या. फौजदारांना समईसाठी नवीन वाती पाठवायच्या होत्या. त्यांनाही तेच उत्तर मिळाले, आणि ते सावधान झाल्यासारखे वळून वहिनींच्या मागे निघाले. गुरवकाकांची पिशवी फुगलेली दिसत होती, पण त्यांनी दिगंबरचा चेहरा पाहिला आणि न विचारताच पिशवी खांद्यावर टाकून ते देवळाकडे चढू लागले.

सर्वांच्या शेवटी काठी टेकत मास्तर आले. त्यांच्या हातात लिंबाहून थोडा मोठा असा एक नारळ होता. “माझाही ठेव बाबा,” ते म्हणाले. “पायांनी होत नाही आता. एवढ्याने काय होतंय?”

हे गुरू होते, चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, आणि ट्रकातली मोटार त्यांच्याच खिशातून आली होती. नारळ खरोखरच एवढासा होता. ‘ठेवा की’ हे शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. त्याने ट्रकातल्या आईच्या नारळाकडे पाहिले. शेजारी आई उभी होती आणि तिची नजर त्याच्या तोंडाकडे लागलेली होती.

“नाही, मास्तर,” तो म्हणाला. शब्द पुरा निघाला. “तुमचा मी संध्याकाळी कुणाबरोबर तरी वर पाठवतो. ट्रकात नाही.”

मास्तरांनी नारळ शबनम पिशवीत टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते दिगंबरने पहिल्या मोटारीत तार नीट भरली त्या दिवशी पाहिले होते, त्यानंतर नाही. “आता जळायची नाही,” एवढेच ते म्हणाले आणि पायरीवर बसले.

दिगंबरने रिमोटवर बोट ठेवले. ट्रक निघाला. दहावी, विसावी, तिसावी पायरी मागे पडली. तिसाव्या पायरीला त्याने नाक वर करून हुंगले. उदबत्तीचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. एकसष्टाव्या पायरीला आईने त्याचा दंड धरला. ट्रक तिथे थांबला नाही. आपले रमतगमत, पापड लाटावेत तशा संथ चालीने तो चढत राहिला आणि ब्याण्णवाव्या पायरीशी दिसेनासा झाला. मग घंटा वाजली.

थोड्या वेळाने प्रसादाची नारळाची एक वाटी घेऊन ट्रक खाली आला. आईने ती दोन्ही हातांनी उचलली आणि कपाळाला लावली.

“म्हणजे गेल्या साली ती माझ्यावर रुसली नव्हती,” ती म्हणाली.

“नाही आई. देवी रुसली नव्हती. मी कुणाला नको म्हणालो नव्हतो, एवढंच.”

आईने वाटीतून खोबऱ्याचा एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. वर्षभराने खाल्लेले खोबरे ती डोळे मिटून, सावकाश चावत राहिली. मग तिने दुसरा, मोठा तुकडा मोडून, लहानपणी भरवायची तसा, मुलाच्या तोंडात घातला. उद्या चटणी वाटायची, असे तिने सुनेला तिथूनच सांगून टाकले.

एवढ्यात देवस्थानचे पंच हात जोडत पुढे आले. यंदा सोहळा फार देखणा झाला, असे ते म्हणाले. पुढच्या वर्षापासून पालखीची एक स्वतंत्र समिती करायची घाटत आहे, फार काम नाही, नुसती नावाला सही, आणि चिटणीस म्हणून दिगंबररावांखेरीज दुसरे नाव कोणाला सुचत नाही.

दिगंबरच्या तोंडात खोबरे होते. त्यामुळे त्याला बोलता आले नाही. त्याने नुसती मान हलवली. ती आडवी हलली.